कोंबडीच तर आहे!

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गावच्या आठवडी बाजारातून मी एक कोंबडी आणली. कवड्या रंगाची, भरल्या अंगाची आणि भावात जरा स्वस्तच पडलेली. पिशवीतून काढून परसात सोडली तरी पळाली नाही, फडफडली नाही. मला वाटलं, किती गरीब स्वभावाची आहे! संध्याकाळी बाकीच्या चौघींबरोबर तिलाही खुराड्यात कोंडलं आणि मी मोकळी झाले.

चौथ्या दिवशी ती धुण्याच्या दगडाशेजारी पिसं फुगवून उभी. डोळे मिटलेले. हात लावून पाहिला तर अंग तापलेलं. मी घरातली तापाची अर्धी गोळी चुरून पाण्यातून तिच्या चोचीत ओतली. त्यावर चमचाभर गोडंतेल. ती खोकल्यासारखं करून मान झटकायला लागली, तर मी म्हटलं, औषध लागू पडतंय. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढताच म्हटलं, "कोंबडीच तर आहे! आण दुसरी." धाकट्याला सांगितलं, तो ओढ्याकडे टाकून आला.

पुढच्या आठवड्यात माझ्या चौघींपैकी तिघी गेल्या. हिरवट पातळ शीट, वासलेली चोच आणि शेवटी मान मुरगळल्यासारखी पाठीवर. आणि मग एका सकाळी कुंपणापलीकडच्या मावशी आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "वहिनी, माझ्या कोंबड्यांची मान वाकडी व्हायला लागलीया. तुमच्याकडं बी असं काय झालं हुतं का वं?"

मैत्रिणींनो, मी "नाही" म्हणाले.

का म्हणाले? लाज वाटली म्हणून. बचत गटाच्या बैठकीत स्वच्छतेवर बोलणारी मी, रोग बाजारातून विकत आणून सगळ्या आळीत सोडला, हे कबूल करायचं धाडस झालं नाही. आठ दिवसांत मावशींच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळं संपलं. मावशींना ना शेत, ना पेन्शन. अंड्यांच्या पैशांतून नातीच्या क्लासची फी जायची आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांचे थेंब यायचे. "कोंबडीच तर आहे" हे वाक्य त्या दिवसापासून मला ऐकवत नाही.

अंड्यांचा पैसा कुणाचा?

तुमच्या-माझ्या घरातली दौलत कुठेतरी नोंदलेली असते. जमीन सातबाऱ्यावर, म्हैस कर्जाच्या कागदावर, दुधाचा पैसा डेअरीच्या पुस्तकात. आणि ती पुस्तकं बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर. अंड्यांचा पैसा मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. तो डब्यात, डाळीच्या बरणीत, नाहीतर कमरेच्या पिशवीत असतो. आजारी माहेरवाशिणीच्या हातावर ठेवायला, पोराच्या वह्यांना, भिशीच्या हप्त्याला तो उपयोगी पडतो आणि त्याचा हिशेब बाईला कुणाला द्यावा लागत नाही. म्हणूनच तो थोडा असला तरी मोठा असतो.

आणि हा प्रकार दोन-चार घरांपुरता नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली जवळपास ३२ कोटी परसातली होती. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांचा आकडा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढला. त्यांना दाणे टाकणारे हात बहुतेक घरी बाईचेच असतात. एवढी मोठी मिळकत आजारी पडते, तेव्हा मात्र आपण स्वतःच तिला कवडीमोल ठरवतो. म्हैस चारा खायची थांबली तर रात्री बाराला डॉक्टरला फोन जातो. कोंबडी दाणे टिपायची थांबली तर ती कापून रस्सा होतो, नाहीतर ओढ्यात जाते.

माझी राहिलेली एक कोंबडी टोपलीत घालून मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले तेव्हा व्हरांड्यातले एक गृहस्थ हसले. "वहिनी, कोंबडी आणलीत? आम्हाला वाटलं, म्हैस बाहेर बांधलीय." मी लाजून परत फिरणारच होते. पण आतल्या डॉक्टरांनी हाक मारली आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की मला घाम फुटला. "एकच आजारी आहे, की आणखीही? नवीन पक्षी कधी आणला होता?"

आधी नजर, मग औषध

तो पहिला प्रश्नच अर्धं निदान आहे, हे मला नंतर कळलं. एकटीच आजारी असेल तर अडकलेलं अंडं, भरून बसलेला गळा, जंत, जखम अशी तिच्यापुरती कारणं असू शकतात. दोन-तीन दिवसांत एकामागून एक झुकायला लागल्या तर तो पसरणारा रोग आहे असंच धरून चालायचं.

खरं म्हणजे ही नजर आपल्या आधीच्या बायकांना होती. आमच्या सासूबाई रोज तिन्हीसांजेला खुराड्याचं दार लावताना कोंबड्या मोजायच्या. नुसत्या मोजायच्या नाहीत, एकेकीला बघायच्या. कोण शेवटी आली, कोण दाण्यावर धावली नाही, कुणाचा तुरा उतरला. मला ते रिकामपणाचं काम वाटायचं. बी.ए.ला मराठी घेतलेली सून मी, कोंबडीचा तुरा वाचायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि घरात शिकवणारी होती तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही! कोंबडी आपलं दुखणं लपवते. कळपात दुबळं दिसलं की बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करते. आपल्याला ती आजारी दिसते तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून रोजची दोन मिनिटांची नजर हाच सगळ्यांत स्वस्त दवाखाना.

डॉक्टरांनी मला जे दाखवलं ते सांगते. आधी लांबून बघायचं. ती बाजूला उभी आहे का, पंख लोंबताहेत का, चाल लंगडी आहे का. मग शीट. घट्ट, करडी आणि टोकाला पांढरं असली की ठीक. दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट, वासाची शीट पडते, तीही नेहमीचीच, घाबरायचं नाही. हिरवी पातळ, पांढरी पाण्यासारखी किंवा रक्ताची असेल तर काहीतरी बिघडलंय.

मग कोंबडी हातात घ्यायची. दोन्ही पंख अंगाशी धरून काखेत घेतली की ती शांत राहते. तुरा लालबुंद हवा. फिका पडला असेल तर अंगात रक्त कमी, बरेचदा जंत किंवा उवा-गोचीड. निळा-जांभळा असेल तर श्वासाचा किंवा मोठ्या रोगाचा त्रास. डोळ्यांत फेस, नाकात शेंबूड, श्वासाला घरघर आहे का ते कानाजवळ धरून ऐकायचं. छातीचं हाड चाचपायचं. ते सुरीसारखं हाताला लागलं तर ती कित्येक दिवस नीट खात नाही, पिसांमुळे आपल्याला दिसलं नाही एवढंच. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी हवी. सकाळीही ती घट्ट गोळ्यासारखी लागली तर आत गवत, दोरा नाहीतर आपण उकिरड्यावर फेकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला असू शकतो. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून बघायची. उवा आणि त्यांची अंडी तिथंच सापडतात.

आणि ते तापाचं! कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०६-१०७ डिग्री फॅरनहाइट. म्हणजे धडधाकट कोंबडीही आपल्या हाताला तापलेलीच लागणार. मी ताप म्हणून गोळी दिली तो ताप नव्हताच. आणि चोचीत ओतलेलं तेल? कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. ओतलेलं पाणी, तेल सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. ती खोकली होती ती औषध लागू पडून नव्हे, गुदमरून. पाणी द्यायचंच तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावायचं, ती आपणहून गिळते.

दुखणं नसलेली दुखणी

उलटंही होतं. जे दुखणं नाही त्याला आपण दुखणं समजतो. कोंबडी खुडूक झाली की पिसं फुगवून एका जागी बसते, दिवसातून एकदाच उठते, कमी खाते, हात लावला की गुरगुरते. नवीन मुलींना ती आजारीच वाटते. पण तिचा तुरा-डोळा बघा, टवटवीत असतो. तिला अंडी द्या, नाहीतर खुडूक मोडा, औषध नको. वर्षातून एकदा पिसं गळतात, अंडी थांबतात, कोंबडी ओकीबोकी दिसते, तेही नैसर्गिक. त्या दिवसांत थोडं चांगलं खायला घालायचं. भर उन्हात चोच उघडी ठेवून, पंख पसरून धापा टाकत असेल तर ती उकाड्यानं हैराण आहे. सावली आणि थंड पाणी द्या. पण सावलीत, सकाळच्या गारव्यातही चोच वासलेली आणि घरघर असेल तर मात्र थांबू नका.

घरी काय करायचं, काय नाही

कुठलंही दुखणं असो, पहिलं काम एकच. आजारी कोंबडी वेगळी करायची. डालग्याखाली झाकून त्याच अंगणात नव्हे, तर बाकीच्यांच्या दाण्यापाण्यापासून दूर, उबदार, वारा न लागणाऱ्या कोरड्या जागी. तिचं भांडं वेगळं. आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी करायचं, मग आजारी कोंबडीकडे जायचं आणि साबणानं हात धुवायचे. चपलासुद्धा वेगळ्या ठेवा, कारण रोग तळव्याच्या घाणीतून चालत जातो. स्वयंपाकघरात मात्र तिला ठेवू नका, आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका.

खायला मऊ द्यायचं. भिजवलेली भाकरी, मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून. हो, कोंबडीला उकडलेलं अंडं चालतं आणि अशक्तपणात उपयोगी पडतं. पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ. आजारी जीव उपाशी राहतो थोडा वेळ, पाण्यावाचून राहत नाही.

अंडं अडकलं असेल तर कोंबडी शेपटी खाली टाकून, ताठ उभी राहून कळा देते. तिला पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, अंडं टाकायच्या जागेला बाहेरून तेल लावा आणि अंधाऱ्या उबेत ठेवा. बरेचदा मोकळी होते. पोट दाबून आतलं अंडं फोडायचं नाही, त्यानं जीव जातो. आणि हे वारंवार होत असेल तर तिला चुना कमी पडतोय. आपण फेकतो ती अंड्यांची टरफलं भाजून बारीक चुरून दाण्यात घाला, शिंपल्यांचा चुरा मिळाला तर उत्तम.

पिल्लांच्या शीटेत रक्त दिसलं तर ती बहुधा रक्ती हगवण. ओल्या, दमट जागेत ती फोफावते. औषध पाण्यातून द्यायचं असतं आणि ते दवाखान्यातून वेळेवर आणलं तर पिल्लं वाचतात. पण खालचा भुसा कोरडा केला नाही तर औषधाचा उपयोग नाही. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या धरल्या तर त्या देवी. त्या डासांमधून पसरतात, आणि त्यांची लस असते. उवांसाठी राख आणि कोरड्या मातीचा खड्डा करून द्या, कोंबड्या स्वतःच त्यात लोळून अंघोळ करतात. गोचीड खुराड्याच्या फटीत दडतात, म्हणून फटी बुजवून वर्षातून दोनदा चुना मारा. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं ठरावीक काळानं द्यायचं.

आणि एक कळकळीची विनंती. घरातल्या माणसांच्या उरलेल्या कॅप्सूल कोंबडीला देऊ नका. आपल्याकडे ही सर्रास सवय आहे. कुणाला पाच दिवसांचा डोस दिला, त्यानं तीन दिवस घेतला, उरलेला कोंबडीच्या पाण्यात! मात्रा माहीत नाही, रोग माहीत नाही. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडं आपण आपल्याच नातवाला पौष्टिक म्हणून भरवतो. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. डॉक्टरांनी औषध दिलं तरी न लाजता विचारा, "अंडी किती दिवस खायची नाहीत?" हळद, लसूण द्यायचं तर द्या, त्याला माझी ना नाही. पण त्यानं प्रत्येक रोग बरा होतो या भ्रमात चार दिवस घालवू नका.

मानमोडीला औषध नाही

माझ्या आणि मावशींच्या कोंबड्यांना झाली होती ती मानमोडी. पुस्तकातलं नाव राणीखेत. हा रोग १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी ओळखला गेला, आणि त्यानंतर लवकरच आपल्याकडे कुमाऊँतल्या राणीखेतला. म्हणून जगात तो न्यूकॅसल, आणि आपल्याकडे राणीखेत. गावाचं नाव सुंदर, रोग भयंकर. लस न दिलेल्या खुराड्यात तो शिरला तर सगळ्याच्या सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात. हा विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. म्हणजे माझी अर्धी गोळी जाऊ द्या, मोठ्यातली मोठी गोळीही तिथे चालली नसती.

पण लस आहे. जुनी, स्वस्त आणि खात्रीची. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचायची. मग आपल्या कोंबड्या मरतात कशा? याचं उत्तर मला डॉक्टरांनी फ्रिज उघडून दाखवलं. लसीची कुपी बोटाएवढी, आणि तिच्यात शंभर-दोनशे मात्रा! एकदा फोडून पातळ केली की दोन-अडीच तासांत संपवायची, तीही बर्फावर ठेवून. बारा कोंबड्या असलेल्या बाईसाठी ती कोण फोडणार? आणि बारा कोंबड्यांसाठी तिनं तरी कशी विकत घ्यावी? पोल्ट्रीवाल्याकडे हजारो पक्षी, त्याला अडचण नाही. अडचण आपली, कारण आपण एकेकट्या आहोत.

इथंच मला वाटतं, आपल्या बचत गटांचं खरं काम आहे. पापड-लोणच्यापलीकडे कधीतरी आपण आळीतल्या कोंबड्या मोजल्यात? आम्ही पावसाळ्यानंतर मोजल्या. चौदा घरं, एकशे सव्वीस पक्षी. म्हणजे एका कुपीचं काम! दवाखान्यात तारीख ठरवली, थर्मासमध्ये बर्फ नेला. संध्याकाळी पक्षी खुराड्यात आल्यावर दवाखान्यातल्या पर्यवेक्षकांबरोबर घरोघर फिरलो. एकीनं कोंबडी धरायची, दुसरीनं वही लिहायची. दीड तासात काम फत्ते. खर्च घरटी इतका कमी आला की एकजण म्हणाली, "अगं, एवढ्यात तर चार अंडीबी येत न्हाईत!" लस आजारी पक्ष्याला द्यायची नसते, धडधाकटाला द्यायची असते. म्हणजे हे काम रोग यायच्या आधीच करायचं, आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आणि नवीन पक्षी आणला तर निदान पंधरा दिवस, जमलं तर तीन आठवडे वेगळा ठेवायचा. माझ्या सगळ्या पापाचं मूळ या एका न पाळलेल्या नियमात होतं.

लपवण्याची किंमत

आता जरा कडू बोलते. आजारी कोंबडीचं आपण काय करतो? मरायच्या आत कापतो, नाहीतर बाजारात नेऊन विकतो. माझी कवडी अशीच कुणीतरी मला विकली असणार. तिला "गरीब" समजले ती मी मूर्ख. पण विकणारी कुणी परकी राक्षसीण नसणार. तीही आपल्यासारखीच, घातलेले पैसे बुडू नयेत म्हणून धडपडणारी बाई असेल. आपल्याला तिचा राग येतो, पण मी "नाही" म्हणाले तेव्हा मी वेगळं काय केलं?

दर वेळी प्रश्न नुसता मानमोडीचाही नसतो. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तो मोठ्या पोल्ट्र्यांमधला होता. पण २००८ साली पश्चिम बंगालमध्ये तो परसातल्या कोंबड्यांमध्ये पसरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावानंही हे संकट पाहिलं. एकाएकी चार-सहा कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे पडले, तर तो मानमोडी की बर्ड फ्लू हे तुम्ही-मी परसात उभं राहून सांगू शकत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. अशा वेळी मेलेले पक्षी उघड्या हातानं उचलायचे नाहीत, कापायचे तर मुळीच नाहीत. आधी दवाखान्याला फोन करायचा, नाहीतर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर. मेलेला पक्षी तपासणीला आणायचा की ते येऊन नेणार, ते तेच सांगतील. मेलेल्या कोंबडीच्या तपासणीनं जिवंत कोंबड्या वाचू शकतात. नंतर खोल खड्डा, वर चुना आणि माती. ओढा नाही, उकिरडा नाही.

"सांगितलं तर सगळ्याच मारून टाकतील" ही भीती खोटी नाही. पण हेही लक्षात घ्या, बर्ड फ्लूमध्ये भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची. लपवून ठेवून आपोआप मेले त्यांचं काही मिळत नाही. म्हणजे लपवून माणसांचा जीवही धोक्यात आणि पैसाही गेला. सरकारी माणसांनाही मला एक सांगायचंय. भरपाईचा कागद त्या बाईच्या हातात द्या, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नव्हे. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात टोपली घेऊन आलेल्या बाईला हसू नका. ती आज परत फिरली तर उद्या रोग दडून राहील.

मग मावशींचं काय झालं?

दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी मी मावशींकडे गेले. पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. बाजार, कवडी, गोळी, ओढा आणि माझं ते "नाही". मावशी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं. तुमची ती कवडी कुत्र्यानं वढ्यातनं वढून माझ्याच दारात आणली. म्याच पुरली तिला. तवाच इचारलं असतंत तर म्या माझ्या कोंबड्या कोंडून तरी घातल्या असत्या."

याच्यावर काय बोलणार? त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

खुराडी धुऊन, चुना मारून आम्ही दोघींनी महिनाभर रिकामी ठेवली. मग लस टोचलेली पिल्लं आणली. मावशींची आठ मी भरपाई म्हणून द्यायला निघाले, तर निम्मे पैसे त्यांनी माझ्या हातात कोंबलेच. आता आळीतल्या कोंबड्यांची वही त्यांच्याकडे असते. लिहिते त्यांची नात, बघतात मावशी. कुणाकडे कोंबडी बसली की निरोप जातो आणि त्या डोळ्यांवर चष्मा चढवून शीट बघायला हजर! आणि निरोप जातो हे महत्त्वाचं. "नाही" म्हणायची कुणाला गरज वाटत नाही, कारण सांगितल्यावर कुणी बोल लावत नाही, सगळ्या मिळून उपाय बघतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आज तिन्हीसांजेला खुराड्याचं दार लावताना दोन मिनिटं थांबा. मोजा. एखादी मागे राहिली असेल तर तिला काखेत घ्या, तुरा बघा, छाती चाचपा. आणि काही वेगळं वाटलं तर कुंपणापलीकडे हाक मारून सांगा. घरातून कुणी म्हणालंच, "कोंबडीच तर आहे," तर सांगा, कोंबडीच आहे, पण माझी आहे.